काशी मार्करीण

रत्नागिरीत मार्करीण म्हणून ओळखली गेलेली बाई एकच, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला राहणारी काशी. मार्कर म्हणजे क्लबातला पगारी खेळाडू. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी टेनिस खेळायचं, त्याचा हात बसवायचा आणि त्याला संध्याकाळी खूश करून घरी धाडायचं, हे त्याचं काम. साहेबलोकांच्या जिमखान्यात असे बाप्ये असत. पण बायकांच्या क्लबात बाप्याला आत कोण घेणार?

काशी तिथे शिरली ती मात्र शेणाची पाटी घेऊन. सन बावीसचा पावसाळा सरला होता. गावातल्या वकील-मुन्सफांच्या बायकांनी हट्टाने कोर्ट आखून घेतलं होतं आणि ते खळ्यासारखं चोपून सारवायला कुणीतरी कष्टाळू बाई हवी होती. काशीचा नवरा केरू मुंबईला गोदीत. तो शिमग्याला आणि गणपतीला उगवायचा, आणि मधले दिवस त्याची वाट बघत बसण्याची काशीला मुळीच हौस नव्हती. तिने जमीन अशी चोपली आणि सारवली की त्यावर पंगत बसवावी.

एका संध्याकाळी मुन्सफीणबाईंना पडसं झालं आणि चौघींच्या डावात एक हात कमी पडला. क्लबाच्या कर्त्याधर्त्या म्हणजे वकिलांच्या दमयंतीवहिनी. त्यांनी कोपऱ्यात उभ्या काशीला हाक मारली, "काशी, हात धू आणि पलीकडे उभी राहा."

"वयनी, मला ता काय येतंय?"

"आम्हाला तरी कुठे येतंय!" दमयंतीवहिनी म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

काशीने कासोटा खोचला आणि अनवाणी उभी राहिली. त्या दिवशी चेंडू माडांत गेले, विहिरीत गेले. पण दिवाळीच्या बोटीने नवे चेंडू आले तोवर तिचा हात असा बसला होता की बायकांनी तिला पगारावरच ठेवून घेतलं. सारवण तिचंच, खेळही तिचाच.

आता पगारी खेळाडूने खेळायचं कसं, तर जिंकायला नव्हे. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिला उमगलं. मुन्सफीणबाईंचा देह भारदस्त, धावणं त्यांना सक्तमजुरीसारखं. त्यांना चेंडू जागेवर, उजव्या हाताशी. डॉक्टरीणबाईंना डावीकडचं काही जमायचं नाही. त्यांच्या डावीकडे काशीने कधी चेंडू टाकलाच नाही. लेकराला घास भरवावा तसा ती एकेकीला चेंडू भरवायची. आणि शेवटी हातातोंडाशी आलेला डाव तिच्या हातून असा निसटायचा की जिंकणारीला शंकाही येऊ नये. बायका लाल गालांनी घरी जात. त्या रात्री त्यांच्या नवऱ्यांच्या आमटीलाही म्हणे जास्त चव असे.

वाडीतल्या बायका पाणवठ्यावर तिला छेडायच्या, "काय गो काशी, आज कोनाकडना हरलीस?" काशी हसून घागर उचलायची. पण एकटी असली की तिच्या मनात एक किडा वळवळायचा. आपल्याला खरंच खेळता येतं, की नुसतं खेळवता येतं? हे तिने कुणाला विचारलं नाही. विचारणार तरी कुणाला?

अडतीस साली गुडघ्याने दगा दिला. दिवाळीनंतर तिने काम सोडायचं ठरवलं, तेव्हा दमयंतीवहिनींचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "काशी, निरोपाला काय देऊ सांग. इरकली लुगडं घेऊ?"

"लुगडा नको, वयनी. मला येक डाव द्या. जिकाचा डाव."

"म्हणजे?"

"मी कदी जिकासाठी खेळलेच नाय. मला ता येतंय काय नाय, येकदा बघाचा हाय."

दमयंतीवहिनींची लेक विमला तेव्हा सुटीत घरी आली होती. लहानपणी तिने काशीच्याच हाताखाली रॅकेट धरली होती आणि आता पुण्याच्या कॉलेजात टेनिसला ती मुलींत पहिली होती. काशी सरळ तिच्याकडे गेली आणि तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "बायो, तुला माजी शपथ हाय. उद्या मला आपली मानू नको. सोडलीस तर बघ."

विमलाने शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळा क्लब जमला. काशी कासोटा खोचून उभी राहिली. विमलाच्या पहिल्याच चेंडूपाशी ती छान पोचली. समोर डावा कोपरा उघडा पडला होता. तिला तो स्वच्छ दिसला. हात उचलला, आणि चेंडू गेला तो अलगद विमलाच्या उजव्या हाताशी. विमलाने तो फटकावला.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. डोळा दाखवायचा कोपरा आणि हात भरवायचा घास. इतक्या वर्षांचं वळण, ते एका दिवसात थोडंच मोडतंय? काशी स्वतःच्या मनगटाकडे असं बघायला लागली की जणू ते कुणा सवतीचं आहे.

कडेला मुन्सफीणबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बघा हो, आजसुद्धा पोरीला कशी सांभाळतेय! केवढं मन!"

ते काशीने ऐकलं आणि तिला जमिनीत जावंसं वाटलं.

विमलालाही ते बघवेना. या हातांनी तिला लहानपणी कडेवर घेतलं होतं. शपथ विसरून तिने पुढचा चेंडू हलकेच टाकला, मऊ, उजव्या हाताशी, कमरेच्या उंचीवर.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण दिलेला चेंडू काशीला कळणार नाही? साऱ्या जन्माचा तिचा तोच धंदा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला भरवतेस?" ती ओरडली, आणि त्या रागात हात फिरला. चेंडू डाव्या कोपऱ्यात सण्णकन आपटून माडांत गेला. विमला जागची हललीसुद्धा नाही. कडेच्या बायका टाळ्या वाजवायच्या विसरल्या.

मग मात्र दोघी खेळल्या. विमलाने शपथ आठवली आणि पुण्याला खेळायची तसं सगळं बाहेर काढलं. काशी गुडघा ओढत धावली, तिने चेंडू कोपऱ्यात मारले, जाळ्यापाशी मारले, एकदा तर विमलाला शेणावर बसवलं आणि माफीही मागितली नाही. दोन गेम तिने चक्क ओढून आणले. पण गुडघा तो गुडघाच, आणि विमला वीस वर्षांची. शेवटचा चेंडू काशीच्या रॅकेटला नुसता शिवून गेला.

काशी हरली. तिथेच सारवणावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. दमयंतीवहिनी धावत आल्या, तिच्याशेजारी टेकल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असं काय गं वेड्यासारखं? अगं, तू तर सोळा वर्षं हसत हरत आलीस. आजच एवढं मनाला लावून घेतेस?"

काशीने पदराने नाक पुसलं. रडता रडता ती हसत होती.

"त्या हारी तुमच्या होत्या, वयनी. तुमाला देन्यासाठी हरत होते. ही माजी हाय. आज मी खरी हरले."