न भिजणारा पडदा

मुलांनो, धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं यंत्र तुमच्या कॉलेजात आलं, हे परवा फोनवर ऐकलं आणि तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, माझे भाऊजी, आठवले. त्यांना ओळखणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून लिहून ठेवते.

पाण्याच्या थेंबावर इतका संशय घेणारा माणूस आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही. भाऊजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि डॉक्टरेटसाठी एका परदेशी प्लास्टिकच्या पडद्यावर काम करत. पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. एका बाजूला हाच वायू, दुसऱ्या बाजूला तो शोषणारं द्रावण. वायूनं छिद्रांतून पलीकडे जायचं, द्रावणानं मात्र छिद्रांत शिरायचं नाही. शिरलं की पडदा भिजला आणि वायूची वाट अडली. यापायी ते जगातली प्रत्येक वस्तू भिजते का, ते तपासत. पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या छत्रीवर थेंब टाकून पाहत. वांकिडीच्या एका लग्नात त्यांनी पत्रावळीवरचा थेंब इतका वेळ निरखला की वाढपी पुढे निघून गेला आणि मुलीच्या बापाला वाटलं, पाहुणा रुसला. माझ्या नव्या नायलॉनच्या साडीलाही "हे टिकत नाई, वयनी," असा शेरा मिळाला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे मार्गदर्शक नागपूरहून प्रयोग पाहायला आले. पदवी त्यावरच अवलंबून होती. उपकरण घरच्या पडवीत मांडलेलं. पडदा वाळायला बाहेर काढलेला. भाऊजी सरांना आणायला स्टँडवर गेले, आणि पाहुणे येणार म्हणून सगळं घासूनपुसून ठेवणाऱ्या त्यांच्या बायकोनं, माझ्या जाऊबाईंनी, पितळी भांड्यांबरोबर पडदाही साबणाच्या पाण्यातून काढला, वाळवला आणि जागच्या जागी ठेवला. साबणानं पाणी सैल पडतं आणि नको त्या छिद्रांत शिरतं, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

भाऊजींनी पडदा बसवून वायू सोडला. वायू पलीकडे पोचला की द्रावणाचा गुलाबी रंग झरझर उडायला हवा होता. तो गुलाबीच राहिला. त्यांनी पडदा काढून हुंगला आणि चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंकडे एकदा पाहिलं. पडदा भिजला कसा, असं सरांनी विचारलं.

"माझाच निष्काळजीपणा, सर."

"काऊन जी, काई बिघडलं का?" जाऊबाईंनी विचारलं.

"काई नाई. चहा दे सरायले, थंडा होऊन राह्यला."

दुसरा पडदा मिळाला नाही. पदवी राहून गेली. साबणाचं त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं, तिला कळू द्यायचं नाही या अटीवर. जाऊबाई मात्र शेवटपर्यंत सांगत, सरांना प्रयोग नाही आवडला, पण घराची स्वच्छता आवडली. भाऊजी शेजारी बसून मान डोलवत.

आता दोघंही नाहीत. पडदा कापताना उरलेला एक न धुतलेला, तळहाताएवढा तुकडा माझ्या कपाटात आहे. त्यावर पाण्याचा थेंब अजून गोल उभा राहतो.