खालाच्या वाट्याचं मतदान

अल्लानं ठरवून दिलेल्या वाट्यावर मी मशिदीच्या अंगणात मतदान घेतलं. मिसरूड फुटून बराच काळ लोटला होता, त्यामुळे पोरवयाची सबबही नाही.

नेरळच्या अलीकडे आमची आळी. तिथल्या एका विधवेला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली नि बापाच्या भातशेतीत हिस्सा मागू लागली. शरियतीचा हिशेब सरळ: भावाला दोन, बहिणीला एक. पण आमच्याकडच्या बहिणी ईदला चोळी-बांगडी घेत नि जमिनीचं नाव काढत नसत. काझीसाहेब जुम्म्यामागून जुम्मे भावाला कबरीची याद देत राहिले. अखेर तो नरमला. "पेरणीआधी बांध घालून देतो," म्हणाला.

तेवढ्यात मी मुंबईहून आलो. डोक्यात सभांमधली भाषणं: रयतेचं राज्य, बहुमत. शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात मी उठून म्हणालो, "काझीसाहेब, एकट्या तुमच्या सांगण्यावर का? जमातीला विचारा. सगळी खालाच्याच बाजूनं बोलेल." खात्रीच होती, घरोघर तिच्यासाठी डोळे पुसले जाताना मी पाहिले होते. ते डोळे बायकांचे होते, नि अंगणात एकही बाई नव्हती, हे ह्या हुशाराच्या ध्यानात आलं नाही.

काझीसाहेब म्हणाले, "बाबा, आज ह्यावर हात वर करायला लावतोस, उद्या नमाजवरही लावशील."

मी हसलो. मग हात मोजले.

अंगणातला प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ होता, नि प्रत्येकाच्या शेतात बहिणीचा तुकडा दडलेला होता. खालाच्या बाजूनं माझा एकट्याचा हात. तोही शेजारी बसलेल्या वडलांनी कोपराला धरून खाली ओढला. त्यांनाही बहिणी होत्याच. काझीसाहेबांनी हात वर केलाच नाही. चपला घालून ते निघून गेले.

भाऊ मोकळा झाला. "मी एकटा थोडाच नाही म्हणतोय? जमातीनं ठरवलंय!" पावसाळ्यात खाला त्याच जमिनीत मजुरीनं लावणी करत होती आणि निजायला तिला गोठ्यालगतची पडवी होती. मी बांधावर जाऊन म्हणालो, "खाला, पुन्हा सभा भरवू. ह्या खेपेला बायकांनाही बोलावू."

तिनं चिखलातून मान वर केली. "अल्लानं दिलं व्हतं रं. तू या दाढ्यांना इचारायला कशाला गेलास, शाण्या?"