एकसारखी दारं

गोटीराम रंगारी वाशीच्या नव्या वसाहतीत दारं रंगवायचा. एका इमारतीत सोळा दारं, अशा बावीस इमारती. सगळीकडे एकच चॉकलेटी रंग, आणि एकाही दारावर ब्रशचा केस चिकटलेला सापडायचा नाही. पुढे ब्याऐंशी साली तिथलीच एक खोली त्याला मिळाली, आणि ही सफाई त्याच्या अंगाशी आली.

त्याची पोरगी चंदा नऊ वर्षांची. बोलायची मोजकं, कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की सुधारेल. रोज चार वाजता ती शेजारच्या इमारतीत जायची, दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दारातून सरळ आत शिरायची आणि खिडकीखाली मांडी घालून बसायची. घरीही ती तिथंच बसायची. दार तेच, खिडकी तीच. मग घर आपलंच.

ते घर सरोजिनीबाईंचं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. पण एका गुरुवारी त्यांच्याकडे कुलूप होतं, म्हणून चंदा त्यापुढच्या इमारतीत गेली. तिथं सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार राहायचे. रात्री ते तणतणत आले.

"गोटीराम, आज माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. तुमची चंदा मधोमध येऊन बसली. त्यांनी तिलाच नाव विचारलं!"

"सांगितलं का तिनं?"

"चेष्टा नको. तिला आत ठेवून बाहेरून कडी लावा. नाहीतर मीटिंगमध्ये ठराव करतो."

"कोंबडी हाय का ती, डालून ठेवायला?" गोटीरामची बायको गंगू आतून कडाडली.

गोटीरामच्या मते जगातली प्रत्येक खोट कमी मेहनतीमुळे राहते. दाराला खूण नाही, म्हणून पोरगी चुकते. त्याने गंगूला पोरीसकट कामोठ्याला माहेरी धाडलं. तीन दिवस दार खरवडलं, पॉलिशपेपर मारला, अस्तर दिलं आणि वर पोपटी रंगाचे दोन हात.

दोघी परत आल्या. चंदाने दार वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपलं नाय."

गोटीरामने हात धरून ओढलं, तशी ती अशी किंचाळली की सोळाही दारं उघडली. मग हात सोडवून ती थेट सरोजिनीबाईंकडे गेली.

"लई मेहनत केलीत," गंगू म्हणाली. "होतं ते घरबी गेलं."

गोटीराम जिन्यात बसला. पोरीचं लक्ष कशातच नसतं, असं तो इतकी वर्षं सांगत आला होता. आणि त्याचं काम इतकं निरखून आजवर मुकादमानेही पाहिलं नव्हतं.

पोपटी रंग खरवडून काढायला त्याने पुन्हा पत्री उचलली. तीन दिवस मायलेकी सरोजिनीबाईंकडे झोपल्या. चौथ्या दिवशी चंदाने चॉकलेटी दाराला नाक लावून वास घेतला, अजून जरा थांबली आणि आत गेली.

नंदकुमार जिन्यात भेटले. "मग कडीचं काय?"

"लावनार नाय. ठराव करा."

त्या रविवारी चार वाजता चंदा निघाली, तसा गोटीरामही निघाला. ती आत गेली. तो उंबऱ्यात चप्पल हातात धरून उभा राहिला.

"बाई, किती वेळ बसते ही?"

"दहा मिनिटं. तुम्ही का उभे? या."

भर दुपारी हात रिकामे ठेवून दहा मिनिटं बसणं गोटीरामला जन्मात जमलं नव्हतं. तो खिडकीखाली लेकीशेजारी टेकला. दोन मिनिटांत त्याची चुळबुळ सुरू झाली.

चंदाने त्याच्याकडे न बघता त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"गप बस," ती म्हणाली.