पोळ्याची राखाडी शिंगं

आमच्या शेजारच्या कानिफनाथाला एका जागी बसवत नसे. मला लिहायची सवय नाही, जमेल की नाही तेही ठाऊक नाही; पण बहात्तरचा पोळा म्हटलं की तो अंगणात येरझाऱ्या घालतानाच दिसतो.

मुंबईच्या गोदीत तो बोटींना रंग द्यायचा. वडील गेले म्हणून घाटावरच्या कर्जतजवळच्या आमच्या गावी परतला, तो राखाडी रंगाचा अर्धा डबा घेऊन. रंग एका फ्रेंच विनाशिकेचा. महायुद्धानंतर फ्रान्सनं एकाच घडणीच्या बारा लढाऊ बोटी बांधल्या, त्यांतली ती एक. दोरीला टांगलेल्या फळीवर बसून कानिफनं तिची बाजू रंगवली होती.

"काळविटावानी निमुळती," तो सांगायचा. "उभी असली तरी आता पळंल असं वाटायचं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोदीतल्या मुकादमाचा निरोप आला. तसलीच दुसरी बोट येतेय, लगेच निघ. इकडे दुष्काळानं वैरण संपलेली. पोळा झाला की बैल चारा छावणीत न्यायचे होते. त्यांतला धाकटा कानिफशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसे.

"जाताय का मग?" त्याच्या बायकोनं, बनुबाईनं विचारलं.

"बगू."

"बगू म्हंजी? त्यो मला शिंगावर घेईल की!"

कानिफनं डबा उघडला आणि लाल हिंगुळाऐवजी तोच रंग बैलांच्या शिंगांना फासला.

पोळ्याच्या दिवशी वेशीत गावातल्या गोरक्षनं गाठलंच. "कानिफ, बैलांना सुतक हाय का रं?"

"फ्रान्सच्या आरमाराचा रंग हाय ह्यो."

"मग सोड की पाण्यात!"

"पानी दाव, सोडतो."

सगळे हसले. बनुबाई तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी कानिफ निघाला, एका हातात पिशवी, दुसऱ्यात दोन्ही कासरे. छावणीची वाट एसटीच्या थांब्यावरूनच जाते. मीही तिथं होतो. गाडी आली. कंडक्टर ओरडला, "चढायचंय का?"

कानिफनं गाडीकडं पाहिलं, धाकट्याकडं पाहिलं. "बैलांचं तिकीट हाय का तुज्याकडं?"

गाडी गेली. धुरळा बसेपर्यंत तो तसाच उभा होता.

छावणीत तो दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राही. बनुबाई भाकरी घेऊन गेली.

"आता तरी बसून खावा."

त्यानं उभ्यानंच भाकरी मोडली. "आजच्या भरतीला ती बोट गोदीत घेतली असंल," तो म्हणाला, आणि घास हातात धरून पुन्हा चालू लागला.