फ्रीज मंजूर, जीप नामंजूर

प्रत्येक कॉलेजात परत आलेल्या प्रपोजल्सचं एक कपाट असतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या बॉटनी विभागातही होतं. कपाट भरलं की रद्दीवाल्याला बोलावता येतं, किश्श्यांचं तसं नसतं, ते साचतच जातात. आम्ही जुने सहकारी आता भेटलो की संशोधनाबद्दल कुणी बोलत नाही, त्यासाठी अनुदान मिळवायच्या खटाटोपाबद्दलच बोलतो. संशोधन झालंच कुठे!

बहुतेक किस्से देवरे सरांचे. माणूस नामपूरचा, कांद्याच्या गावचा, पण जीव जडला सुरगाण्याच्या नागलीवर. तिथल्या पाड्यांवर म्हाताऱ्या बायकांकडे नागलीचे जुने वाण होते आणि दरवर्षी त्यातला एखादा पेरायचा बंद होत होता. ते नाहीसे व्हायच्या आत गोळा करून जपायचे, एवढंच सरांचं प्रपोजल. नकार आला की सर अहिराणीत म्हणत, "आते काय करवा?" आणि पुन्हा टायपिस्टकडे जात.

*

पहिल्यांदा दिल्लीला बोलावणं आलं तेव्हा सर माझ्या मिस्टरांचा कोट घालून गेले. समितीतल्या एकाने विचारलं, "नागली म्हणजे काय?"

"रागी, सर."

"मग कर्नाटकात का जात नाही?"

इंटरव्ह्यू संपला. सरांनी कोट इस्त्री करून परत आणून दिला. म्हणाले, "कोटाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, मॅडम."

*

दर दोन-तीन वर्षांनी वरून नवा शब्द यायचा. आधी बायोडायव्हर्सिटी, मग बायोटेक्नॉलॉजी. सर मुकाट्याने शीर्षक बदलायचे, आतली नागली तीच. पुढे कॉम्प्युटरची हवा आली, तेव्हा त्यांनी 'डेटाबेस' घातलं. यावेळी परीक्षकाला प्रपोजल आवडलं. शेरा आला, "उत्तम. फक्त नागलीचा भाग अनावश्यक वाटतो."

*

एका वर्षी मात्र खरंच मंजुरी आली. बियाणं आणायला जीपचं भाडं आणि ठेवायला फ्रीज, असं सरांनी मागितलं होतं. फ्रीज मंजूर, जीप नामंजूर! मार्चअखेर होती, न घेऊन चालणार नव्हतं.

फ्रीज लॅबमध्ये रिकामा घुरघुरत राहिला. मग कॅन्टीनच्या सुमनमावशींनी त्यात दूध ठेवलं. दुधामागून दही आलं, कोथिंबीर आली, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या घरचा आमरसही आला. कुणालाच त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

ऑडिटवाल्याने फ्रीज उघडून विचारलं, "बियाणं कुठंय?"

"सुरगाण्यात," सर म्हणाले.

"मग फ्रीज इथं कशाला?"

मला त्या दिवशी सरांची फार दया आली.

*

शेवटी सर स्वतःच रविवारी निघायला लागले. काळी-पिवळी जीप, मागे टपाला धरून लोंबकळायचं, वर पाड्यापर्यंत पायी. परतताना पिशवीत नागलीच्या एक-दोन पुरचुंड्या असायच्या. प्रत्येकीत चिठ्ठी, कुठला वाण, कुणाच्या शेतातला. फ्रीजचा खालचा कप्पा असा हळूहळू भरला.

कौशीबाई म्हणून एक म्हातारी होती. सरांसाठी म्हणून ती एक काळसर नागली बांधाच्या कडेला दरवर्षी पेरायची. एकदा तिने होतं नव्हतं ते सगळं बी सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"आता माझेच्यानं व्हत नाय. पोरां सगळी द्राक्षांच्या कामाला जातात. तुमचेकडं थंड कपाट हाय ना, त्यात ठेवा. कुणी मागाया आला तं द्या."

दुसऱ्या वर्षी ती गेली. सरांनी ते बी रुमालात बांधून फ्रीजमध्ये सगळ्यात आत ठेवलं होतं.

*

आणि मग ते झालं. सर निवृत्तीला आले होते, आणि मोठ्या अनुदानाचं प्रपोजल पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत पोचलं. दिल्लीची कमिटी प्रत्यक्ष पाहणीला येणार होती. सर सकाळीच त्यांना आणायला स्टेशनवर गेले. इकडे प्रिन्सिपॉलसाहेबांनी मावशींना दोन हुकूम दिले. "तो फ्रीज रिकामा करून चकचकीत पुसा, पाहुणे बघणार आहेत. आणि जेवायला काहीतरी लोकल करा."

पाहुणे आले ते थेट जेवायलाच बसले. नागलीची भाकरी, ठेचा, उडदाची डाळ. अध्यक्ष भाकरीवर खूश झाले. एकेका भाकरीत दोन-तीन रंगांचे कण दिसत होते, त्याचंही त्यांना कौतुक वाटलं. "देवरेजी, अब समझ में आया आप क्या कह रहे थे। इसे तो बचाना चाहिए। आपका काम हो गया समझिए।"

इतक्या वर्षांत सरांचा चेहरा तसा उजळलेला मी पाहिला नव्हता. ते तसेच उठून आत स्वयंपाकघरात आले. मी तिथेच पापड भाजत होते.

"मावशी, भाकरी झकास झाली. नागली कुठून आणली?"

"आणायची कशाला? आपल्या फ्रीजमधलीच. बारीक बारीक पुरचुंड्या होत्या, सगळ्या एकत्र करून दळून आणल्या." मावशींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "फडकी धुऊन वाळत घातलीत, सर. तो रुमाल पण."

बाहेरून अध्यक्षांनी आणखी एक भाकरी मागितली.

तव्यावर शेवटचीच होती. सरांनी ती उलटली, नीट फुगू दिली, ताटलीत घेतली आणि स्वतः वाढायला गेले.