पडद्याबाहेरचा चहा

१४ डिसेंबर १९६१

मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी गणपतीनंतर आजच लिहिते आहे, क्षमा करा. लोणावळ्यात बायकांनी दुपारचा चहा कुठे प्यावा, असं तुम्ही विचारलं होतं. उत्तर आज मिळालं.

सासूबाई मावळातल्या तिकोना पेठ या त्यांच्या गावाहून आल्या आहेत. त्यांनी आजवर हॉटेलची पायरी चढली नव्हती. बाजारातून परतताना मी त्यांना स्टेशनजवळच्या हॉटेलात नेलं आणि सवयीने आतल्या, पडदा लावलेल्या फॅमिली रूमकडे वळले.

त्या तिथेच थांबल्या. "पडद्याआड कशापायी? आपुन काय चोरी करतुया?" असं म्हणून रस्त्याकडच्या बाकावर बसल्यासुद्धा!

शेजारी नेमका त्यांच्या गावचा एक शेतकरी. "मावशी, तुमी हाटेलात?"

झालं! आता गावभर त्यांचीच चर्चा होणार.

सासूबाईंनी शांतपणे बशीत चहा ओतला. "व्हय, सुनंनं आणलंय. गावात सांग, च्या लय झ्याक हाय. अन् म्होरल्या बाकावर बसले व्हते, त्ये बी सांग."

तो हसू लागला. "मंग आमच्या कारभारणीलाबी आणाया पायजे."

"आण की! पर पडद्यात बसवू नको."

घरी येईपर्यंत मी अभिमानाने त्यांच्याकडेच बघत होते. एक प्रश्न मात्र सुटत नाही. तो पडदा मी त्यांच्या संकोचासाठी शोधला की माझ्या? तुम्ही कुठे बसला असता?

उद्या: हॉटेलवाल्याला सांगून येणे, शनिवारी दुपारी पुढचे सगळे बाक आपल्या मंडळासाठी.