तीन पायऱ्यांपुरतं मशीन

माझ्या आत्याच्या घरात चार खुर्च्या आहेत. त्यांवर पाहुणे बसतात. आत्या उभी असते, नाहीतर कुठेतरी निघालेली असते. चहासुद्धा ती ओट्यापासून मागच्या दारापर्यंत चालत चालत पिते. तिच्याकडे तासभर नुसतं बसून आलं तरी मला दमायला होतं.

चौतीस वर्षं ती वजनमापं तपासायच्या खात्यात होती. दुकानांमधले काटे बघायचे, खरे असतील त्यांच्यावर शिक्का, खोटे असतील ते जप्त. ‘काटेबाई आल्या’ एवढं कानावर पडलं की अख्ख्या बाजाराच्या तोंडचं पाणी पळायचं. ज्या दुकानातून ती स्वतःचं सामान भरायची, त्याच दुकानाचा काटा एकदा किलोमागे चाळीस ग्रॅम खोटा निघाला. तिनं तो जप्त केला आणि पुढची सहा वर्षं दोन गल्ल्या लांब जाऊन साखर आणली. “चाळीस ग्रॅमनी काय आभाळ कोसळणार होतं का?” असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, “आभाळाचं मला माहीत नाही. काटा खोटा होता.”

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. खातं सुटलं, सवय सुटली नाही. तिच्या पर्समध्ये चष्मा, किल्ल्या आणि हुकाचा एक स्प्रिंगचा काटा असतो. घेतलेला प्रत्येक जिन्नस ती घरी आल्यावर त्याला लटकवते. मी जन्मले तेव्हा मलाही लटकवलं होतं म्हणे, फडक्यात बांधून. दवाखान्यातला आकडा तिला पटला नव्हता.

लग्न तिनं केलं नाही. एकटीचं घर, मागं बाग, आणि बागेत गवताचा एक हिरवागार चौकोन. त्या चौकोनावरूनच तिचा आणि बाबांचा सगळा वाद पेटला होता.

दोन वर्षांपूर्वी बाबा तिच्या मागं लागले होते, ताई, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. रोज फोन. शेवटी वैतागून ती म्हणाली, “ज्या दिवशी माझं गवत मला कापता येणार नाही ना, त्या दिवशी कुलूप लावून येते. आता फोन ठेव.” बोलण्याच्या भरात बोलली असेल. पण बाबांनी ते वाक्य गाठीशी बांधून ठेवलं. पाठोपाठ त्यांनी मागची खोली रंगवून घेतली आणि तिथलं एक कपाटही रिकामं केलं.

या वर्षी तिचं गवत कापायचं जुनं पेट्रोलचं मशीन बोंबललं. म्हणजे मशीन ठीक होतं. ते चालू करायला दोरी हिसक्यानं ओढावी लागते आणि ओढताना तिचा खांदा धरला. महिना-दीड महिना तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. मग मला फोन केला, “बॅटरीवरचं मशीन बघायला जायचंय. गाडी काढ.” तिचा फोन ठेवते न ठेवते तोच बाबांचा आला. नव्या मशीनचं त्यांच्या कानावर गेलं होतं. “जा तिच्याबरोबर. मशीन ती स्वतः उचलते का, एवढंच बघ आणि मला सांग.”

उचलायचं अशासाठी, की मशीन राहतं वर, मागच्या दाराजवळच्या अडगळीच्या खोलीत, आणि बाग आहे तीन पायऱ्या खाली. खाली आडोसा नाही. पायऱ्यांवर फळी टाकावी तर दार उघडत नाही. त्यामुळे गवत कापायचं तर मशीन उचलून खाली न्यायचं आणि काम झालं की उचलून वर आणायचं. पेट्रोलचं धूड ती इतकी वर्षं उचलतच होती.

म्हणजे मी आत्याची सारथी आणि बाबांची हेर. दोन्ही कामं मला नको होती. मला माझा शनिवार हवा होता.

त्या एका शनिवारी आम्ही तीन दुकानं पालथी घातली. पात्याची रुंदी, बॅटरी किती मिनिटं पुरते, ओलं गवत अडकतं का, पेटी कशी रिकामी करायची, आत्यानं सगळं विचारलं. उत्तर अर्ध्यावर असताना ती पुढच्या मशीनपाशी पोचलेली असायची. तिसऱ्या दुकानातला विक्रेता चष्मा गळ्यात अडकवलेला, सोशिक गृहस्थ होता.

“हे घ्या बाई. एकदम हलकं. खोक्यावर लिहिलंय बघा, बारा किलो.”

आत्यानं पर्स उघडली. मी दुसरीकडे बघायला लागले.

“हे काय?” विक्रेत्यानं विचारलं.

“काटा. तुम्ही बोला, मी ऐकतेय.”

हँडलमध्ये हुक अडकला. “तू उचल,” आत्या मला म्हणाली. मी काटा वर धरला, तिनं डोळे बारीक करून आकडा वाचला. “तेरा आठशे.”

“बॅटरी आणि पेटी धरून असेल, बाई. खोक्यावरचं वजन त्यांच्याशिवाय असतं.”

“बॅटरी नसली तर हे गवत कापतं?”

“नाही.”

“मग तिच्याशिवायचं वजन कुणाला सांगता?”

बिचाऱ्यानं चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मला हसू आवरेना. पण हसता हसताच मनात काहीतरी टोचलं. समोरच्याच्या हातातून वस्तू हिसकावून घेणारी ही बाई तिन्ही दुकानांत एकही मशीन स्वतः उचलायला तयार नव्हती. प्रत्येक वेळी ‘तू उचल’. आणि प्रत्येक आकडा ऐकून ती पर्स मिटत होती.

तेच मशीन घेतलं. तिन्ही दुकानांत त्याहून हलकं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती नुसती पर्सची चेन उघडत मिटत राहिली. शेवटी मी ओरडले, “आत्या, बास ना!” आणि लगेच मला वाईट वाटलं.

घरी खोकं मीच आत आणलं. मशीन ठेवायला जागा करावी म्हणून अडगळीची खोली उघडली. मधोमध पाण्यानं भरलेली एक बादली होती. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं, सरकारी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. तारीख, किलो, पायऱ्या. प्रत्येक रविवारी एक ओळ. चौदा किलो, तीन पायऱ्या. साडेबारा, तीन. अकरा, तीन. दहा, दोन. सगळ्यात खाली, गेल्या रविवारची ओळ: नऊ किलो, तीन पायऱ्या.

ती बादली उचलून ती स्वतःचं बळ तोलत होती. म्हणजे कुठलं मशीन घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. कुठलंच तिला उचलवणार नव्हतं, आणि ते तिला दुकानात पाय ठेवायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी ती तीन दुकानं फिरली. मला तिचा राग आला, बाबांचा आला, त्या रंगवलेल्या खोलीचा तर फारच आला.

“बाजूला हो,” मागून आवाज आला.

तिनं भिंतीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मशीन ढकलत पायऱ्यांपर्यंत नेलं, वाकली, दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. चाकं जमिनीपासून वीतभर वर आली. तिनं ते खाली ठेवलं. बॅटरी काढून बाजूला ठेवली, पेटी काढली, पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

“बॅटरी काढली तरी बारा,” ती पुटपुटली. आणि माझी आत्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर खाली बसली. तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा.

“आणलं का मशीन?”

“आणलं.”

“उचललं तिनं?”

आत्या समोर गवताकडे बघत होती. बाबांचा आवाज मोठा आहे, फोनमधूनही घरभर ऐकू जातो.

“हो,” मी म्हणाले.

“एकटीनं? खाली नेलं?”

“एकटीनं. तीन पायऱ्या.”

“किती किलोचं आहे?”

“तेरा.”

बाबा म्हणाले, “बरं. बरं झालं.” पण आवाजावरून त्यांना बरं वाटल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. आता ती माझी खरडपट्टी काढणार, नाहीतर भावाला उलटा फोन लावून खरा आकडा सांगणार, याची मला खात्री होती. किलोमागे चाळीस ग्रॅम तिनं कुणाला सोडले नव्हते.

आत्यानं बॅटरी उचलली, मशीनमध्ये बसवली, पेटी लावली. पदरानं हात पुसले.

“तेरा नाही,” ती म्हणाली. “तेरा आठशे.”

मग चौकटीला धरून ती उठली आणि पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

“तू तिकडून धर.”